चा. म्हणजे चाल

आमच्या ढोकी गावच्या घरात माळवदाखालच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात जुने सातबारे, कारखान्याच्या उसाच्या पावत्या आणि अगदी तळाला आजोबांची भजनाची वही. शाईनं लिहिलेली, कडा वाळवीनं कुरतडलेली. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चा.' लिहिलंय आणि त्यापुढं दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे तीन-चार शब्द. सा-रे-ग-म कुठंही नाही. फार तर कडेला पट्टी लिहिलेली, 'काळी चार'.

लहानपणी मला वाटायचं, 'चा' म्हणजे चहा. गाता गाता आजोबा कुठं थांबून चहा घ्यायचे, त्याची ती खूण असणार. ती चालीची खूण आहे, हे फार उशिरा कळलं. त्याहून उशिरा कळलं ते असं, की मराठी संगीत नाटकानं सुरुवातीची कित्येक वर्षं आपलं सगळं संगीत या एका अक्षराच्या भरवशावर गावोगाव पाठवलं.

वहीतला एक अभंग धरून मी उलटा चालत गेलो. त्याची चाल एका नाटकाच्या पदाची. ते पद त्याच वहीत पुढं सापडलं. त्याच्यावर चाल लिहिली होती एका लावणीची. लावणीचे शब्द चारच, आणि ती कुणालाच येत नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या पेटीवाल्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा न लावताच ती परत केली. "आरं, चाल कागदावर कुठं आसती? तू शब्द म्हन, मी वाजवतो." मी अभंगाचे शब्द म्हणालो. त्यांनी भाता उघडला आणि लावणी वाजली. म्हणजे शब्द विसरलेली लावणी अभंगाच्या अंगावर जिवंत होती. मुळात अभंगानं लावणीचा पत्ता सांगायचा, आता लावणीच अभंगाच्या घरी राहायला आलेली.

या खुणेचं कूळ नाटकाहून जुनं आहे. ओवी, आर्या, साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही नावं छंदांची खरी, पण कीर्तनकाराला ती चालींचीही होती. वर 'दिंडी' लिहिलं की कसं म्हणायचं ते ठरलेलं. त्यापलीकडं काही लिहायची गरज पडत नसे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा गाणं मुख्यतः सूत्रधाराच्या गळ्यात होतं. एका माणसाला चाली पाठ असल्या की खेळ उभा राहायचा.

अडचण आली 31 ऑक्टोबर 1880 ला. त्या दिवशी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले आणि पात्रं स्वतः गायला लागली. अण्णासाहेबांनी पुण्यात पारशी मंडळींचं 'इंद्रसभा' पाहिलं होतं. असं मराठीत का नाही, हा प्रश्न तिथून उठला, असं सांगतात. पात्रं गाणार म्हटल्यावर पदं ढिगानं लागणार, आणि तेवढ्या नव्या चाली कोण बांधणार? अण्णासाहेब बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. दोन भाषांच्या शिवेवर वाढलेल्या माणसाच्या कानात जे जे होतं ते सगळं त्यांनी वापरलं: कानडी पदं, कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावण्या, बायकांची गाणी. नाटकाचं पुस्तक छापलं तेव्हा पदाच्या डोक्यावर सरळ लिहिलं, चाल अमुक. उसनं घेतलं ते लपवलं नाही. माझ्या मते मराठी छापील पुस्तकातली सगळ्यात प्रामाणिक ओळ हीच. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर एकदा, पण ज्या गाण्याकडून सूर घेतला त्याचं नाव प्रत्येक पदावर.

त्याच सुमाराला तिकडं लंडनला गिल्बर्ट आणि सलिव्हन ही जोडी हलकीफुलकी संगीतिका लिहीत होती. त्यांची 'पिनाफोर' 1878 ची. ती अमेरिकेत इतक्या मंडळ्यांनी परस्पर केली की दोघांच्या हाती काही लागलं नाही. परदेशी कर्त्याचा हक्क तिथला कायदा तेव्हा मानत नव्हता. म्हणून पुढची 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स' त्यांनी स्वतः न्यूयॉर्कला जाऊन 31 डिसेंबर 1879 ला उभी केली, आणि इंग्लंडातला हक्क जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी पेन्टन या गावी तिचा एक घाईगर्दीचा प्रयोग उरकून घेतला. नावातच चाचे आहेत, हा योगायोग नसावा. त्यांची भीती रास्त होती. स्वर कागदावर छापले की पियानो असलेल्या कुठल्याही घरात ते वाजणार.

आणि इकडं छापायला निघालं काय, तर 'चाल'. ती वाचून परक्याला काहीच मिळत नव्हतं, आपल्या माणसाला सगळं मिळत होतं. पदाची चाल चोरायची तर आधी मूळ गाणं यायला हवं. आणि ते येत असेल तर चोरी कसली? इंग्रजांनाही ही रीत ठाऊक होती. जॉन गे याच्या 1728 च्या 'बेगर्स ऑपेरा'त 69 गाणी आहेत, बहुतेक लोकांच्या ओठांवरच्या चालींवर, आणि प्रत्येकावर मूळ गाण्याचं नाव. फरक एवढाच, की त्यांनी नावासोबत स्वरही छापले.

आपल्याकडं ही सोय पुढं आपणच बिघडवली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'वीरतनया'पासून, म्हणजे 1896 पासून, पारशी रंगभूमीच्या चाली आल्या. मग 1911 साली खाडिलकरांचं 'मानापमान', त्याला गोविंदराव टेंब्यांच्या चाली. 1916 ला 'स्वयंवर', त्याला भास्करबुवा बखल्यांच्या. गाणं शंभर पटींनी देखणं झालं, याबद्दल वाद नाही. पण पदाच्या डोक्यावर आता राग, ताल आणि चाल अशी तीन नावं बसली, आणि चालीच्या जागी कुठल्याशा उस्तादी चिजेचे शब्द. ती चीज ज्याला येई तो तालमीत बसलेला गवई. लावणी ढोकीतल्या माणसाला येत होती. भीमपलासातली चीज येणार कशी?

त्याच 1911 साली बार्शी लाइट रेल्वे ढोकीवरून पुढं लातूरला पोचली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी निजामाच्या मुलखात पुण्या-मुंबईचं काय काय घेऊन यायची, त्यात पदांची पुस्तकंही होती. आजोबांच्या वहीतली निम्मी पदं बार्शीहून आणलेल्या पुस्तकावरून उतरवलेली. पण राग-तालाची ओळ त्यांनी प्रत्येक वेळी गाळली आहे. तिच्या जागी स्वतःच्या अकलेनं दुसरी चाल बसवली आहे, एखाद्या गौळणीची नाही तर आरतीची. नाटकवाल्यांनी जे उसनं नेलं होतं ते त्यांनी वसूल केलं म्हणायचं.

स्वर लिहायची सोय त्या काळात होत होती. बडोद्याला मौलाबक्षांनी आपली पद्धत चालवली होती. विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांची लिपी वेगळी. भातखंड्यांची वेगळी, आणि तीच पुढं रुळली: मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला फुली, खालीला शून्य, अक्षर लांबलं की ऽ. ही लिपी वाचायला आठवड्यात येते, आणि तरी तिच्यावरून नाट्यपद गाता येत नाही. बालगंधर्व एकच पद वन्समोअर घेत घेत दर वेळी निराळं फुलवायचे. त्यातलं कुठलं लिहायचं? लिपीत सांगाडा येतो. तोही हवाच, कारण सांगाडा नसेल तर पुढं काहीच उभं राहत नाही. भाऊराव कोल्हटकरांचं बघा ना. किर्लोस्कर मंडळीचा हा गळा 1901 साली गेला आणि हिंदुस्थानातलं पहिलं ग्रामोफोन ध्वनिमुद्रण झालं 1902 ला, कलकत्त्यात. थोडक्यात चुकामूक झाली. त्यांच्या गाण्याच्या सगळ्या गोष्टी ऐकीव.

यात कायद्याची एक गंमत आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती म्हणजे छापलेलं, लिहिलेलं किंवा कागदावर उतरवलेलं संगीत, अशी व्याख्या होती. ती बदलली 1994 ला. म्हणजे तोवर गळ्यातली चाल कायद्याच्या लेखी संगीतच नव्हती. पेटीवाल्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आमी काय वाजवत हुतो?"

आता हक्काची भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही. कर्त्याच्या मरणानंतर 60 वर्षं गेली की कृती सगळ्यांची होते. नाटककारांत किर्लोस्कर 1885 ला गेले, देवल 1916 ला, गडकरी 1919 ला, खाडिलकर 1948 ला; चाली देणारे टेंबे 1955 ला. या मंडळींची पदं आणि चाली उतरवून घ्यायला, वाटायला, गायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून हे मागणं. धाराशिवकडं, लातूर-बार्शीकडं, कुठंही तुमच्या घरात अशी वही असेल तर तिचे फोटो काढा. फक्त पदाचे नकोत, डोक्यावरची 'चा.'ची ओळ त्यात आली पाहिजे. आणि ती ओळ वाचून ज्याला अजून गाता येतं असं घरातलं, गल्लीतलं, भजनी मंडळातलं माणूस गाठा. मोबाइल समोर ठेवा आणि त्याला म्हणायला सांगा. आमच्या पेटीवाल्यांचं वय 87 आहे. वहीत पदं 140 आहेत. आतापर्यंत 31 झाली.