ईमच्या वाटेवरचे दगड

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, डोंगराळ मुलखात, ईम नावाचे एक लहानसे गाव आहे. दगडी भिंतींची घरे, एक मुख्य रस्ता आणि मधोमध जुने चर्च. चर्चच्या आवारात आठव्या शतकातला कोरीव क्रूस उभा आहे, भिंतीवर १७७५ सालचे सूर्यघड्याळ आहे. थोडे पुढे गेले की सतराव्या शतकातला ‘ईम हॉल’ हा वाडा लागतो आणि त्याच्या समोर गुन्हेगारांचे पाय अडकवण्याचा खोडा. अशा जुन्या खुणा जपणारी गावे इंग्लंडात पुष्कळ आहेत. ईमला मात्र लोक येतात ते आणखी काही दगड पाहायला.

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. गावातल्या शिंप्याकडे तिकडून कापडाचे गाठोडे आले आणि त्यातून पिसवा आल्या, असे ईममध्ये सांगतात. ज्या घरात ते उघडले, तिथे राहणारा जॉर्ज व्हिकर्स हा शिंपीकाम करणारा माणूस ७ सप्टेंबरला दगावला. चर्चला लागून असलेले ते घर आजही उभे आहे. त्याच्या आणि शेजारच्या घरांच्या दारांशी पाट्या आहेत आणि त्यांवर त्या त्या घरात गेलेल्यांची नावे आहेत. पाट्या वाचत चालले की रस्ता संपेपर्यंत बोलावेसे वाटत नाही.

हिवाळ्यात साथ मंदावली, १६६६ च्या उन्हाळ्यात पुन्हा भडकली. तेव्हा गावाचे पाद्री होते विल्यम मॉम्पेसन. ते तरुण होते, नवखे होते आणि गावाचा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. लोक मानत ते आधीच्या थॉमस स्टॅन्ली यांना. धर्मविषयक नवा कायदा न मानल्यामुळे स्टॅन्लींचे पद गेले होते. एरवी ही दोन माणसे एका ओसरीवर बसली नसती. पण जूनमध्ये दोघांनी मिळून गावापुढे प्रस्ताव ठेवला. गावाची हद्द कुणी ओलांडायची नाही. चर्च बंद ठेवून प्रार्थना उघड्या घळीत करायची, माणसांनी अंतर राखून उभे राहायचे. मेलेल्यांना ज्याने त्याने आपल्याच आवारात किंवा शेतात पुरायचे.

आता प्रश्न पोटाचा होता. त्याचे उत्तर ते दगड देतात. ईम आणि स्टोनी मिडलटन या गावांच्या मधल्या पायवाटेवर एक मोठा धोंडा आहे. त्याला भोके आहेत. त्या भोकांत व्हिनेगर ओतून पैसे ठेवायचे, शेजारच्यांनी अन्न ठेवून ते पैसे न्यायचे, अशी ही व्यवस्था. गावाच्या उत्तरेला, माळावरच्या रस्त्याकडेला ‘मॉम्पेसनची विहीर’ नावाचा झरा आहे. तिथे नाणी वाहत्या पाण्यात धुतली जात. चॅट्सवर्थचे उमराव, डेव्हनशायरचे अर्ल, यांनीही धान्य पुरवले. म्हणजे ईमचा निर्धार टिकला तो एकट्या ईमच्या बळावर नव्हे. हद्दीपलीकडच्या माणसांनी रोज येऊन शब्द पाळला, म्हणून आतल्यांना तो पाळता आला.

गावाबाहेर अर्ध्या मैलावर, शेतात, एका गोल दगडी कुंपणात ‘रायली ग्रेव्ह्ज’ आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले इथे पुरली, तीही एकटीने. त्याच महिन्याच्या २५ तारखेला मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरिन गेली. आजाऱ्यांची शुश्रूषा करत ती नवऱ्यासोबत गावातच राहिली होती. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. शेवटचा मृत्यू झाला १ नोव्हेंबरला. एकूण सुमारे २६० माणसे गेली.

या कथेला पुढे त्यागाचे मोठे वलय आले. १८४२ मध्ये विल्यम वुड यांनी लिहिलेल्या गावाच्या इतिहासाने ती दूरवर पोहोचवली. जुन्या पुस्तकांत गावाची वस्ती साडेतीनशे सांगितलेली असे. नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांच्या मते ती बरीच जास्त, सातशेच्या वर असावी. शिवाय ऐपत असलेली काही कुटुंबे आधीच बाहेर पडली होती. मॉम्पेसन यांनीही आपली मुले आधीच दूर धाडली होती. गोरगरिबांना जायला जागाच कुठे होती? कोंडून घेतल्याने गावातले मृत्यू वाढले असतील, असेही काही जण म्हणतात. या शंका रास्तच आहेत. तरीही चालत शेजारच्या गावी जाणे कुणालाही अशक्य नव्हते, आणि बहुतेक जण गेले नाहीत, हे उरतेच.

प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांत ही साथ मुंबईत आणि मग पुण्यात आली. आपल्याकडे १८९७ मध्ये घरांच्या झडत्या झाल्या, माणसे बळाने हलवली गेली. त्यातून उसळलेला संताप आपल्याला ठाऊक आहे. काळ वेगळा, राज्य वेगळे, तेव्हा तुलना फार ताणू नये. पण साथ अडवायला हुकमाइतकाच विश्वास लागतो, हे दोन्हीकडे दिसते.

ईममध्ये दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्या घळीत प्रार्थना होते. वाटेवरचा धोंडा मात्र वर्षभर तिथेच असतो. त्याच्या भोकांच्या कडा लोकांच्या बोटांनी गुळगुळीत झाल्या आहेत. त्यावर कुणा राजाचे नाव नाही, लढाईची तारीख नाही. अनोळखी माणसांनी एकमेकांचा शब्द पाळला, एवढीच त्याची नोंद.