उलटे स्वल्पविराम

इंग्रजीत रजेचा अर्ज लिहिताना जोर यावा म्हणून मी ‘सिक’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातला. वडील खरोखरच अंथरुणाला खिळले होते. साहेबांनी वाचलं, ‘म्हणे आजारी!’ रजा नामंजूर.

चिडून मी त्या चिन्हाचं कुळ शोधलं. इ. स. पूर्व २ऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अरिस्टार्कसनं होमरच्या लक्षणीय ओळींशेजारी समासात बाणाच्या टोकासारखी खूण केली. पुढे ख्रिस्ती लेखनिक ती बायबलमधल्या उताऱ्यांना लावू लागले. छापखाने आले आणि खुणेचे स्वल्पविराम झाले. तेही आधी समासातच! १६११ च्या किंग जेम्स बायबलात तर एकही नाही. देव बोलतो, सैतान बोलतो, वाचकाचं काही अडत नाही. १८व्या शतकात इंग्रजी कादंबऱ्यांतली माणसं भरभरून बोलू लागली, तेव्हा कुठे ही चिन्हं मजकुरात स्थिरावली.

म्हणजे आज यांचं मुख्य काम: ‘हे शब्द माझे नव्हेत, दुसऱ्याचे’ हे सांगणं. जोर देणं नव्हे. वडिलांचं दुखणं मीच परक्याच्या तोंडी घातलं, तर साहेबांनी विश्वास कसा ठेवावा?

दुसरा अर्ज चिन्हांवाचून लिहिला. तो मंजूर झाला.