भिंतीवरची बाई कोणी काढली?

आज बचतीचं, हप्त्याचं काही सांगत नाही. आज आपण भिंतीविषयी बोलू.

जळकोटच्या हायवेला उभं राहून बघा. रस्त्याकडच्या भिंतींवर सिमेंटची, मोबाइलची जाहिरात. शाळेच्या भिंतीवर मुलगी शिकवायचा सल्ला. दवाखान्याच्या भिंतीवर लसीकरणाचं चित्र, कडेवर बाळ घेतलेली हसरी बाई. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शौचालयाचा संदेश, त्यातही डोक्यावर पदर घेतलेली बाईच. गावातल्या निम्म्या भिंती बाईशी बोलतात किंवा बाईविषयी बोलतात. मग त्या लिहिल्या कोणी? आपण तर नाही लिहिल्या. हे आजचं नाही, त्याला हजार वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगते.

दगडावरची बाई

आपल्याकडं जुन्या देवळाच्या आवारात, वेशीजवळ शेंदूर फासलेले दगड असतात. काही वीरगळ असतात, म्हणजे लढाईत पडलेल्या पुरुषाची आठवण. काही सतीशिळा असतात. सतीशिळेवर बहुतेक वेळा बाईचा चेहराही नसतो. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात असतो, तेवढाच. बाई गेली, तिचं नाव गेलं, बांगड्या तेवढ्या राहिल्या. सती बंदीचा कायदा इंग्रजांनी १८२९ साली बंगालमध्ये केला, नंतर तो मुंबई-मद्रास इलाख्यांतही आला. दगड मात्र अजून उभे आहेत.

त्याहून कठीण दगड म्हणजे गधेगाळ. शिलाहार राजांच्या काळापासून असे दगड कोकणात आणि महाराष्ट्रात इतरत्रही सापडतात. वर चंद्र-सूर्य, मधे जमीन दान दिल्याचा मजकूर, आणि खाली गाढव एका बाईवर अत्याचार करतंय असं चित्र. अर्थ असा, की हे दान जो मोडेल त्याच्या आईची अशी विटंबना होवो. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही चित्र बघून समजावं, म्हणून चित्र.

आता विचार करा. राजानं दिलेलं दान मोडणार पुरुष, जमीन बळकावणार पुरुष, आणि शिक्षा त्याच्या आईला! आजही पारावर दोन गडी भांडले की शिवी कुणावरून येते? आईवरून, बहिणीवरून. दगडावरचं चित्र पुसट झालं, तोंडातलं नाही झालं. सगळ्या गावानं बघावं म्हणून बाईचं चित्र उघड्यावर लावायचं, पण तिला विचारायचं नाही, ही रीत इतकी जुनी आहे.

उंबऱ्यावरची बाई

म्हणजे बाईनं कधी काढलंच नाही का? काढलं की! रोज काढलं. सडा, रांगोळी, तुळशीपुढची गोपद्मं, दिवाळीला दारात लक्ष्मीची पावलं. पोळ्याला, नागपंचमीला भिंतीवर गेरूनं, चुन्यानं चित्रं. ठाणे-पालघरकडच्या वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर काढायचा मान सवाष्णींचाच. तांदळाच्या पिठानं त्या चौक भरायच्या. १९७० नंतर ही चित्रं कागदावर आली, शहरात गेली, जगात गाजली. त्यात सगळ्यात मोठं नाव झालं जिव्या सोमा म्हसे यांचं. त्यांची कला मोठीच, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ज्या सवाष्णींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक भरले, त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. बाईचं चित्र उंबऱ्याच्या आत, सणापुरतं. पारावरची, वेशीवरची भिंत दुसऱ्याची.

नावाची गोष्ट

आपला भाग निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शाळेची भाषा उर्दू. १३ सप्टेंबर १९४८ ला सकाळी भारतीय सैन्यानं नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला आणि रणगाड्यांची तुकडी आपल्या जळकोटवरून उमरग्याकडं गेली. १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं. मग हळूहळू पाट्या मराठीत आल्या, आणि १९५१-५२ ला देशाची पहिली निवडणूक आली. वाचता न येणाऱ्या माणसालाही मत देता यावं म्हणून प्रत्येक पक्षाला चिन्ह मिळालं. ही चिन्हं गावोगावच्या भिंतींवर आली. बैलजोडी, मग गायवासरू आणि पंजा, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात.

त्याच निवडणुकीतली एक गोष्ट शाळेत कुणी आपल्याला सांगितली नाही. मतदार याद्या करताना लाखो बायांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. अशा सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून काढावी लागली. त्यात उत्तरेकडच्या राज्यांतल्या जास्त होत्या. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि आपलं कुणी विचारत नाही, ही रीत आपल्याला काही परकी नाही. भिंतीवर चिन्ह आलं, मताचा हक्क आला, आणि नाव नाही म्हणून हक्क गेला. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

लाल त्रिकोण

साठ-सत्तरच्या दशकात सगळ्यात जास्त भिंतींवर काय होतं? लाल त्रिकोण. कुटुंब नियोजनाची खूण. त्रिकोण आणि चार चेहरे, आई-बाप आणि दोन लेकरं. सोबत ‘हम दो हमारे दो’. साधं चित्र, एका साच्यानं देशभर काढता येईल असं. अडाणी माणसालाही दुरून कळायचं, दवाखाना इथं आहे. त्यानं भलंही झालं. पाळणा लांबवता येतो हे कितीतरी बायांना पहिल्यांदा भिंतीनंच सांगितलं.

पण मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यात बहुतेक पुरुषांच्या आणि कित्येक जबरदस्तीच्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ साली सक्तीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायद्यात आलं नाही. लाल त्रिकोण दिसला की माणसं घाबरायला लागली. पुढं पुरुषांच्या शस्त्रक्रिया एकदम घटल्या आणि सगळा भार बायांवर आला, तो आजतागायत. भिंतीवर चित्र दोघांचं, टाके मात्र एकीला. चित्रातली बाई हसत होती, कारण तिला हसरी काढली होती.

साचा आपल्या हातात आला तर

आता साच्याची गोष्ट. साचा म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. रांगोळीचा छाप तुमच्या घरात आहे. भोकं पाडलेला डबा, रांगोळी भरायची, आपटायचा, नक्षी तयार. लाइटच्या खांबावर, धान्याच्या पोत्यावर नंबर टाकतात तो कापलेला पत्राही तसाच. शहरातली माणसं याला स्टेन्सिल म्हणतात.

पॅरिस शहरात १९८१ पासून एक चित्रकार अशा साच्यानं रात्रीतून भिंतींवर उंदीर काढू लागला. पुढं इंग्लंडात बँक्सी नावाचा चित्रकार गाजला, त्याचा चेहरा तो लोकांना दाखवत नाही. साचा का? एक तर झटपट होतं. दुसरं, साच्याच्या अक्षराला हस्ताक्षर नसतं, कुणी लिहिलं ते ओळखू येत नाही. आणि तिसरं कारण आपल्या कामाचं. साचा एकीनं कापला की जिला फक्त सही येते ती बाईसुद्धा अख्खं वाक्य भिंतीवर उमटवू शकते.

इजिप्त देशातली गोष्ट ऐका. बहिया शेहाब नावाची बाई, कलेचा इतिहास शिकवणारी. अरबी भाषेत ‘नाही’ हा शब्द शेकडो वर्षांत किती तऱ्हांनी लिहिला गेला ते शोधून तिनं त्याची हजार रूपं गोळा केली. २०११ मध्ये कैरो शहरात लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले. डिसेंबरमध्ये सैनिकांनी एका बाईला मारत, फरफटत नेलं, तिचा बुरखा वर गेला, आतली निळी चोळी सगळ्या जगानं पाहिली. लोक म्हणायला लागले, ही बाहेर पडलीच कशाला? तेव्हा बहियानं त्या निळ्या चोळीचा साचा केला आणि भिंतीवर उमटवला, सोबत ‘नाही’, लोकांना उघडं पाडायला नाही. ज्या कपड्यावरून बाईला लाज आणायची होती, त्याच कपड्यानं लाज मारणाऱ्यावर उलटवली. आपल्या गधेगाळाच्या शेजारी हे चित्र मनात ठेवून बघा. दोन्हीकडं बाईची विटंबना आहे. पण एक चित्र बाईला धाक घालतं, दुसरं बाईनं काढलंय.

आडवी बाटली आणि दारावरचं नाव

आपल्याकडं बायांनी चित्राचा वापर केलाच नाही असं नाही. दारूबंदीचं मतदान आठवा. महाराष्ट्र सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणं गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. लक्षात घ्या, आलेल्यांपैकी नाही, एकूण महिला मतदारांपैकी. म्हणजे जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीलाच गेलं. ज्या गावांत बाया जिंकल्या तिथं आडवी बाटली आधी भिंतीवर, मग मतपत्रिकेवर आली. अक्षर न येणाऱ्या आजीलाही ती वाचता येते.

दुसरं, २००३ साली सरकारनं ‘घर दोघांचे’ ही योजना आणली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचं. आता मला सांगा, तुमच्या घराच्या भिंतीवर, दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव आहे? नमुना ८ वर आहे का तुमचं? १९५२ च्या यादीतून २८ लाख नावं गेली ती नाव सांगितलं नाही म्हणून. आपण नाव सांगतो, पण लिहून घेतो का?

म्हणून सगळ्या गटांना दोन कामं सुचवते. पहिलं, पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा आणायचा आणि मोठ्यानं वाचायचा. ज्यांचं नाव नाही त्यांचा अर्ज त्याच बैठकीत लिहायचा, आणि ग्रामपंचायतीत सगळ्या मिळून द्यायचा. एकटीनं गेलं की घरात भांडण होतं, दहा जणी गेल्या की ती योजना होते.

दुसरं, गावात एक भिंत मागायची. न विचारता लिहू नका. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे, आणि परवानगीनं लिहिलेलं कुणी पुसतही नाही. ग्रामपंचायतीची असेल तर लेखी परवानगी, कुणाच्या घराची असेल तर घरमालकाची, आणि घरमालकिणीचीसुद्धा! दवाखान्याची जुनी एक्स-रे फिल्म साच्याला फार चांगली, भिजत नाही, फाटत नाही. अक्षरं मोठी काढून ब्लेडनं कापा. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून तिथं बारीक पट्टी धरून ठेवा. रंग घट्ट ठेवा, पातळ झाला की ओघळतो. कुणाचं नाव घेऊन आरोप लिहू नका, त्यानं भांडण होतं आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

आणि लिहायचं काय? ते मी सांगणार नाही. सरकारनं सांगून झालं, कंपन्यांनी सांगून झालं. रेशनचा प्रश्न असेल, पाण्याचा असेल, लेकीच्या लग्नाच्या वयाचा असेल. वाक्य तुमच्या तोंडचं असू द्या, तुम्ही विहिरीवर बोलता तसं. आणि खाली गटाचं नाव टाका. बँक्सीनं चेहरा लपवला, तो त्याचा मार्ग. आपलं नाव आधीच हजार वर्षं लपलेलं आहे, ते आता उघड्यावर येऊ द्या.