विक्का

विक्का हा विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उदयास आलेला निसर्गपूजक धर्मपंथ आहे. देव व देवी यांची उपासना, ऋतुचक्रावर आधारलेले आठ वार्षिक सण आणि जादूचे विधी ही त्याची प्रमुख अंगे होत. मूळच्या या गुप्त पंथाचे गेल्या काही दशकांत खुल्या, बहुतांशी वैयक्तिक साधनेत रूपांतर झाले.

उगम

निवृत्त ब्रिटिश अधिकारी जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हे या पंथाचे प्रवर्तक मानले जातात. १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाल्यानंतर त्यांनी १९५४ मध्ये 'विचक्राफ्ट टुडे' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ख्रिस्तपूर्व धर्माची परंपरा गुप्तपणे टिकून राहिल्याचा त्यांचा दावा होता. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ मधील ग्रंथात विक्का ही आधुनिक निर्मिती असल्याचे दाखवून दिले.

स्वरूपातील बदल

आरंभी साधक 'कव्हन' नावाच्या लहान मंडळांत एकत्र येत. दीक्षेच्या तीन पायऱ्या असत आणि विधींची वही गुरूकडून हाताने उतरवून घ्यावी लागे. १९६० च्या दशकात रेमंड बकलंड यांच्यामार्फत पंथ अमेरिकेत रुजला. त्यांनीच १९७४ मध्ये स्वयंदीक्षेस मान्यता देणारी शाखा मांडली. १९७९ मध्ये स्टारहॉक यांच्या 'द स्पायरल डान्स' या ग्रंथाने देवीपूजेला स्त्रीवाद व पर्यावरणविचाराची जोड दिली. स्कॉट कनिंगहॅम यांनी १९८८ मध्ये एकट्याने साधना करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. पुढे इंटरनेटमुळे, एके काळी शपथेने राखलेले विधी कोणालाही उपलब्ध झाले.

कायदेशीर मान्यता

१९८६ मध्ये अमेरिकेतील एका संघीय अपील न्यायालयाने कैद्याच्या खटल्यात विक्का हा धर्म असल्याचे मान्य केले. २००७ मध्ये न्यायालयीन लढ्यानंतर, सैनिकांच्या सरकारी स्मृतिशिळांवर वर्तुळातील पाच टोकांचा तारा हे पंथाचे चिन्ह कोरण्यास परवानगी मिळाली.

मतभेद

गार्डनर-परंपरेतील मंडळे आजही गुरुपरंपरेने मिळालेली दीक्षाच ग्राह्य धरतात. एकल साधकांच्या मते उपासकाचा देवतेशी थेट संबंध असल्याने मध्यस्थाची गरज नाही. ज्ञान खुले झाल्याने पंथाचा प्रसार झाला. मात्र विक्काचा अनुयायी कोणाला म्हणावे, हे ठरविणारी सर्वमान्य सत्ता उरलेली नाही.