टेस्ट ट्यूब बाळाचं हृदय : प्रश्न कुठून आला?

"डॉक्टर, आयव्हीएफच्या मुलांचं हृदय कमजोर असतं म्हणे?" जासईच्या एका जोडप्याचा हा प्रश्न. तिला चौथा महिना लागला होता, आणि घरात कुणीतरी हे बोलून गेलं होतं. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मग ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएममध्ये हर्षा जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून. पुढे १९९७ मध्ये मुखर्जींची कागदपत्रं तपासून, पहिला मान त्यांचाच, असं आनंद कुमार यांनी स्वतः जाहीर केलं. असा मान सोडणारी माणसं विरळाच.

तेव्हा काळजी एवढीच होती, की बाळ धडधाकट जन्मेल ना. रक्तवाहिन्यांचा विचार करायला ही मुलं आधी मोठी व्हायला हवी होती.

२०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या डॉक्टरांनी अशी ६५ निरोगी मुलं तपासली. त्यांच्या हाताच्या रक्तवाहिन्या इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी प्रसरण पावत होत्या. त्याच आईबापांच्या नैसर्गिक गर्भधारणेतून झालेल्या मुलांत मात्र हा दोष नव्हता. म्हणजे बोट उपचाराकडे वळलं. २०१८ मध्ये तीच मुलं सोळाच्या आसपासची असताना ५२ पैकी ८ जणांचा रक्तदाब जास्त निघाला, तुलनेच्या गटात ४३ पैकी एकाचा.

घाबरलात ना? पण आकडे छोटे आहेत. २०२३ मध्ये युरोप, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरच्या सुमारे ३५ हजार मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. मला हा पुरावा जास्त वजनदार वाटतो, जरी आयव्हीएफची मुलं त्यातही हजाराच्या आतच होती.

जन्मजात हृदयदोषाची गोष्ट वेगळी. २०२४ मध्ये डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ७७ लाख बाळांच्या नोंदींत हे प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेत १.१५ टक्के, तर अशा उपचारांनंतर १.८४ टक्के निघालं. म्हणजे शंभरातली अठ्ठ्याण्णव बाळं ठीकच. उपचाराची पद्धत कोणतीही असो, धोका सारखाच होता. तेव्हा मूळ वंध्यत्वाच्या कारणांतही असू शकतं. जुळ्यांत तो जास्त, म्हणून एका वेळी एकच भ्रूण सोडणं बरं.

त्या दोघांना मी १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, करायला सांगितलं. बाळ तीन वर्षांचं झालं की वर्षातून एकदा रक्तदाब मोजायचा. तो तर सगळ्याच मुलांचा मोजावा. निघताना तिने विचारलं, "आणि ती हर्षा?" ती २०१६ मध्ये आई झाली. बाळंतपण डॉ. हिंदुजांनीच केलं.