रिकाम्या गावाची बस

कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कुणी काड्यापेट्यांची लेबलं. इंग्रज लोक बस जमवतात. बसची तिकिटं नव्हेत, अख्ख्या बस! आपल्याकडे दमलेली गाडी मुकाट्यानं भंगारात जाते. तिकडे तिला कुणीतरी दत्तक घेतो, तिची जुनी पाटी हुडकून आणतो आणि घरच्यांची बोलणी खात रविवारचे रविवार तिच्याखाली आडवं पडून काढतो.

या हौसेचा कळस म्हणजे विल्टशायर परगण्यातली 'इंबरबस'. 2009 पासून वर्षातला एक दिवस, बहुधा ऑगस्टातल्या शनिवारी, वॉर्मिन्स्टर स्टेशनाबाहेरून 23ए नंबरच्या बस सुटतात. बहुतेक लंडनच्या लाल रूटमास्टर. 1954 ते 1968 या काळात अशा 2876 बस बांधल्या गेल्या आणि 9 डिसेंबर 2005 रोजी त्या लंडनच्या नेहमीच्या मार्गांवरून निवृत्त झाल्या. ही कल्पना ज्या बसवेड्या मंडळींच्या डोक्यातून निघाली, त्यांत लंडनच्या वाहतूक खात्याचे त्या वेळचे आयुक्त पीटर हेंडी होते. ते स्वतः गाडीही चालवतात. म्हणजे एसटीच्या सर्वांत मोठ्या साहेबांनी सुट्टीच्या दिवशी खाकी चढवून गाडी हाकावी, तसा प्रकार.

"मामा, डबलडेकरनं खेडेगावात जायचं का?" भाच्यानं विचारलं. मुंबईच्या जुन्या डबलडेकरमधली शेवटची 15 सप्टेंबर 2023 ला धावली, तेव्हापासून मी या बाबतीत हळवाच आहे. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा पटकावली. खाली कंडक्टरनं दोरी ओढली. टण टण! जिवात जीव आला. डबल बेल म्हणजे 'चला', हे वॉर्मिन्स्टरपासून वैजापूरपर्यंत सारखंच.

पुढे मात्र सारखं काही राहिलं नाही. उघडं माळरान, गंजलेल्या रणगाड्यांचे सांगाडे, आणि 'रस्ता सोडू नका, न फुटलेले गोळे आहेत' अशा पाट्या. या रस्त्याच्या टोकाला इंबर.

1 नोव्हेंबर 1943 रोजी लष्करानं इंबरच्या गावकऱ्यांना शाळेत बोलावलं आणि 47 दिवसांत गाव सोडायला सांगितलं. अमेरिकन फौजांना युरोपवरच्या चढाईचा सराव करायचा होता. 17 डिसेंबरपर्यंत, नाताळ आठवड्यावर असताना, दीडेकशे माणसांचं गाव रिकामं झालं. लढाई संपली की परत यायचंच, म्हणून काहीजण खाण्याचे डबे स्वयंपाकघरातच ठेवून गेले म्हणतात. गावचा लोहार ऐरणीवर डोकं टेकून रडत होता, असंही सांगतात. थोड्याच आठवड्यांत तो वारला. त्याला मात्र इंबरलाच आणून पुरलं.

बाकीच्यांना परत येऊ दिलं नाही. लढाई 1945 मध्ये संपली, सराव संपला नाही. जानेवारी 1961 मध्ये दोन हजारांवर माणसं बंदी मोडून गावात शिरली. चौकशी झाली. निकाल लष्कराच्या बाजूनं लागला, चर्च तेवढं ठरावीक दिवशी उघडायचं ठरलं.

आज गावात काय आहे? तेराव्या शतकातलं सेंट जाइल्स चर्च, 'बेल इन' या गुत्त्याची ओकीबोकी इमारत (आत प्यायला पाणीसुद्धा नाही), आणि सैनिकांना घरं कशी जिंकायची ते शिकवायला नंतर बांधलेली बिनखिडक्यांची खोकी. उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ बघायला माणसं होडीतून जातात, त्याची आठवण झाली.

अर्धी गर्दी गावाकडे पाठ करून बसचे फोटो काढत होती. एक गृहस्थ इंजिनाचा आवाज टिपून घेत होते. आधी मला चीड आली. पण तिकिटाचे पैसे चर्चच्या डागडुजीला आणि इतर धर्मकार्यांना जातात. शिवाय बसचं वेड नसतं, तर लोहाराच्या गावाला एवढी माणसं कशाला आली असती?

तिकीट दिवसभराचं असतं. इंबरला हवं तितक्या वेळा जा, परत या, पुन्हा जा. भाच्यानं तीन फेऱ्या केल्या. मी चर्चच्या भिंतीला टेकून बसलो. टेकडीपलीकडून गिअर बदलल्याचा आवाज आला, आणि शेजारचे गृहस्थ बस दिसायच्या आधीच तिचं मॉडेल सांगून मोकळे झाले.