भोंगा, खिडकी आणि ५५ डेसिबल

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण पूर्ण वाचा.)

सणांचा मोसम जवळ आला की प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. बातमीसाठी अशा बैठकांना मी वर्षानुवर्षं बसतोय. नाव 'शांतता' समिती, पण आवाजाचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. 'आवाजाची मर्यादा पाळा' असं साहेब म्हणतात, मंडळाचे अध्यक्ष मान डोलावतात, चहा येतो, फोटो होतो. मर्यादा म्हणजे किती, ती कुणी ठरवली आणि का ठरवली, हे कुणी विचारत नाही. म्हणून म्हटलं, आज जरा इतिहास सांगू.

आधी आपला एक शब्द घ्या. भोंगा. माझ्या आधीच्या पिढीसाठी भोंगा म्हणजे गिरणीचा. गिरणगावात अख्ख्या चाळी त्यावर उठायच्या, डबे भरले जायचे, पाळ्या बदलायच्या. बऱ्याच लहान गावांत नगरपालिकेचाही भोंगा होता आणि लोक त्यावर घड्याळं लावायचे. तो आवाज मोठा होता, पण अर्धा मिनिट वाजून गप्प व्हायचा आणि सगळ्यांच्या कामाचा होता. आज भोंगा म्हटलं की लाऊडस्पीकर डोळ्यांपुढे येतो. २०२२ च्या गुढीपाडव्याला राज ठाकरे यांनी शिवाजी पार्कवरून मशिदींवरच्या भोंग्यांचा विषय काढला आणि महिनाभर महाराष्ट्रात दुसरी चर्चा नव्हती. त्या गदारोळात मूळ प्रश्न मात्र हरवला. रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये रात्री झोपू पाहणाऱ्या माणसाचं काय? त्याला भोंगा कुणाचा यानं काही फरक पडत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. लंडनमध्ये १८५३ साली थॉमस कार्लाईल या मोठ्या लेखकानं शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पियानो यांना वैतागून घराच्या माथ्यावर आवाज न येणारी खोली बांधून घेतली. पैसा गेला, महिने गेले, आणि आवाज यायचा तो आलाच. शेजारचा आवाज कमी झाला तर लांबचे रेल्वेचे, नदीवरचे आवाज ऐकू यायला लागले. आज आपण जाड पडदे लावतो, दुहेरी काचा बसवतो, कानात बोळे घालतो, ती याच खोलीची नातवंडं. थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण खर्च आपला, त्रास आपला, आणि आवाज करणारा तसाच मोकळा.

त्याच शहरात चार्ल्स बॅबेज राहत होता. संगणकाचा आद्य जनक म्हणून आपण ज्याला शाळेत वाचतो तोच. रस्त्यावर पेटीवाद्य फिरवत वाजवणाऱ्यांमुळे त्याला काम करता येईना. हा गडी खोलीत न लपता तक्रारी करत, कोर्टात जात राहिला. लोक त्याच्या मागे ओरडत फिरायचे, मुद्दाम त्याच्या खिडकीखाली वाजवायचे. शेवटी १८६४ साली मायकेल बास या खासदाराच्या पुढाकारानं कायदा झाला आणि घरासमोर वाजवणाऱ्याला हटवण्याचा घरमालकाचा हक्क पक्का झाला.

यातली दुसरी बाजूही बघितली पाहिजे. ते वाजवणारे बहुतेक गरीब इटालियन होते, पोटासाठी रस्त्यावर आलेले. म्हणजे पहिला मोठा कायदा झाला तो बंगल्यातल्या माणसानं रस्त्यावरच्या माणसाविरुद्ध करून घेतलेला. ही खोड आपल्याकडेही आहे. कांदे-बटाटे विकणाऱ्या हातगाडीवरचा छोटा कर्णा जप्त करायला पथक लगेच येतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे बॉक्स रचलेला डीजे मात्र बंदोबस्तात पुढे जातो. आवाजाच्या कायद्याबद्दल कुणी बोलायला लागलं की मी आधी एवढंच बघतो, की तो कुणावर चालवायचा म्हणतोय.

हे चित्र बदललं एका बाईनं. ज्युलिया बार्नेट राईस. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीकाठी तिचं मोठं घर होतं आणि नदीतल्या टगबोटी रात्रभर शिट्ट्या मारायच्या. बाई वैद्यकीय पदवीधर. स्वतःच्या झोपेचं रडगाणं तिनं गायलं नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बसवून शिट्ट्या मोजून घेतल्या आणि नदीकाठच्या इस्पितळांतल्या रुग्णांची बाजू पुढे केली. १९०६ साली तिनं विनाकारण होणाऱ्या आवाजाविरुद्ध संघटना काढली, १९०७ साली अमेरिकी काँग्रेसनं बोटींच्या शिट्ट्यांवर कायदा केला. इस्पितळांभोवती शांतता पाळायची ही कल्पनाही तिनं शहराच्या गळी उतरवली. आपल्याकडच्या 'शांतता क्षेत्र' पाट्यांची ही एक पणजी.

मोजण्याची ताकद इथून पुढे वाढत गेली. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या टेलिफोन इंजिनिअरांनी डेसिबल हे माप काढलं. १९२९ साली न्यूयॉर्कनं आवाज कमी करण्यासाठी आयोग नेमला, यंत्रं घेऊन गाडी शहरभर फिरली, ११ हजारांहून जास्त नागरिकांनी प्रश्नावल्या भरून दिल्या. सगळ्यात जास्त तक्रारी वाहनांच्या होत्या.

पण मला सगळ्यात हलवून सोडणारे अभ्यास १९७० च्या दशकातले आहेत. न्यूयॉर्कमध्ये एका महामार्गावरच ३२ मजल्यांच्या चार इमारती उभ्या आहेत. १९७३ साली संशोधकांनी तिथल्या मुलांची वाचनाची चाचणी घेतली. खालच्या मजल्यांवर, म्हणजे गाड्यांच्या आवाजाजवळ बरीच वर्षं राहिलेली मुलं मागे पडलेली दिसली. पुढे १९७५ साली आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी एक शाळा तपासली. तिच्या एका बाजूला उंचावरची रेल्वे, दर चार-पाच मिनिटांनी गाडी. त्या बाजूच्या वर्गातली सहावीची मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे होती. शाळा तीच, शिक्षक तेच. मग रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आवरण लावलं. काही वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली तर फरक उरला नव्हता. म्हणजे दोष पोरांच्या डोक्यात नव्हता.

आता आपल्याकडे या. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांच्यासारखे डॉक्टर १९८० च्या दशकात आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. तेव्हा अनेकांना तो रिकामटेकडेपणा वाटला. पुढे सुमैरा अब्दुलअली यांनी हातात मीटर घेऊन मिरवणुकांचे आकडे जाहीर करायला सुरुवात केली. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, त्याखाली २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. डेसिबलचं गणित साधं नसतं. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ च्या जागी ७५ झाला तर 'थोडा जास्त' नाही, शंभरपट.

२००५ साली सर्वोच्च न्यायालयानं याबाबत सविस्तर निकाल दिला. त्या खटल्याच्या मागे एक घटना होती. १३ वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला, ती मदतीसाठी ओरडत होती आणि शेजारी मोठ्यानं गाणी वाजत असल्यानं कुणाला काही ऐकू आलं नाही. हे मी प्रत्येक 'एक दिवसाचा तर प्रश्न आहे' म्हणणाऱ्याला सांगतो.

२०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर निकाल दिला, की लाऊडस्पीकर लावणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. लगेच पुढच्या वर्षी केंद्रानं नियम बदलला. इस्पितळ, शाळा, कोर्टापासून १०० मीटरचा भाग राज्यानं जाहीर केल्याशिवाय शांतता क्षेत्र मानायचा नाही. त्या सुनावणीत राज्य सरकारनं न्या. ओक यांच्यावरच पक्षपाताचा आरोप केला. ओरड झाल्यावर मागे घेतला. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयानं कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर पुन्हा सांगितलं की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी.

आता लहान शहरांचं बोलू, कारण इथे खेळ वेगळा आहे. रस्ता रुंद झाला, घरं रस्त्याच्या कडेला आली. वाड्याच्या जाड भिंती गेल्या, समोरासमोर सिमेंटच्या इमारती आल्या. आवाज दोन्हीकडे आपटत वर चढतो. लाकडी पल्ल्यांच्या खिडकीच्या जागी सरकती अॅल्युमिनियमची खिडकी, तिच्या फटीतून हवा येते तसा आवाजही येतो. आणि मे महिन्यात खिडकी बंद करून झोपायला घरात एसी लागतो. ज्याला परवडतं तो मागच्या बाजूचा फ्लॅट घेतो. रस्त्याकडच्या खोल्यांत भाडेकरू, शिकायला आलेली पोरं, पहाटे पाळीवर जाणारे कामगार. तक्रार करायला यांच्याकडे ना ओळख, ना धाडस. एखाद्यानं केलीच तर संध्याकाळपर्यंत त्याचं नाव मंडळाला कळलेलं असतं आणि तो धर्माच्या विरोधात ठरतो. आमच्यासारखे पत्रकारही 'दणदणाटात बाप्पाला निरोप' असा मथळा देऊन मोकळे होतात.

म्हणून चार गोष्टी पाठ करून ठेवा.

एक, सणांच्या काळात जिल्हाधिकारी वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देतात. ती सूट वेळेची असते, आवाजाची नाही.

दोन, सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल वर किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. निवासी भागात दिवसा म्हणजे ६५.

तीन, रात्री १० नंतर ११२ वर फोन करा, ठिकाण आणि वेळ सांगा. नाव सांगायची सक्ती नाही.

चार, एकट्यानं करू नका. सोसायटीचं पत्र, दहा सह्या, तारीख-वेळ लिहिलेली वही. ज्युलियाबाईंनी मोजून दाखवलं म्हणून त्यांचं ऐकलं गेलं.

इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांनी फक्त खिडकी बंद केली, त्यांचा आवाज काही कमी झाला नाही. ज्यांनी मोजलं, लिहिलं आणि चारचौघांना सोबत घेतलं, त्यांचा झाला, उशिरा का होईना. माझं ढोल-ताशाशी वैर नाही, अजानशी नाही, जयंतीच्या मिरवणुकीशी तर नाहीच. पण रस्त्याकडच्या खोलीतल्या दहावीच्या मुलीला झोप मिळणं हेही सार्वजनिक काम आहे. शांतता समितीच्या पुढच्या बैठकीत चहाच्या आधी कुणीतरी हात वर करून एवढंच विचारा: साहेब, आपल्या ठाण्यात आवाज मोजायचं मीटर आहे का, आणि गेल्या वर्षी ते किती वेळा बाहेर काढलं?

तुमच्या गावात काय उत्तर मिळतं, ते खाली जरूर लिहा.